काळ्या दोऱ्याचे तीन टाके

आजोबांचा पिवळा पट्टा गुरुवारी संध्याकाळी हरवला आणि शुक्रवारचा सकाळचा चहा संपेपर्यंत त्यांनी संशयितांची यादी करून टाकली. यादीत कराटेच्या वर्गातली नातीसकट चौदा मुलं होती, शिकवणाऱ्या मॅडम होत्या, वर्गातला दुसरा एकमेव मोठा विद्यार्थी म्हणजे दाताचे डॉक्टर होते, आणि सगळ्यात वर आजीचं नाव होतं. पट्टा हरवला म्हटल्यावर आजीने एवढंच विचारलं होतं, की अहो, शेवटचा कुठे ठेवला होता? इतका साधा प्रश्न कोणी उगाच विचारत नाही, असं आजोबांचं मत पडलं.

आता त्यांची तरी काय चूक म्हणायची? विमा कंपनीत एकतीस वर्षं चोरीचे दावे तपासण्यात गेली होती. ऑफिसात त्यांना 'भिंग' म्हणत, तेही तोंडावर. त्यांचा एक नियम खात्यात सगळ्यांना ठाऊक होता: चोरी झाली म्हणून जो ओरडत येतो, त्याचंच घर आधी तपासायचं, निम्मा माल तिथेच निघतो. हा नियम त्यांनी नव्या माणसांना शिकवला, मुलाला शिकवला, आणि नऊ वर्षांच्या नातीला तर गोष्टीसारखा सांगून सांगून तोंडपाठ करून टाकला होता.

कराटेत ते शिरले तेसुद्धा संशयापोटीच. नातीला वर्गात घातलं तेव्हा मॅडम मुलांना मारतात की काय हे बघायला आजोबा वही घेऊन कोपऱ्यात बसले. तीन दिवस मॅडमनी सहन केलं. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, काका, इथे बघत बसायची सोय नाही, रांगेत उभं राहा नाहीतर बाहेर थांबा. म्हातारा बाहेर जाईल असं त्यांना वाटलं असणार. पुढच्या तासाला आजोबा कडक इस्त्रीचा पांढरा गणवेश घालून रांगेत हजर.

आणि गंमत म्हणजे त्यांना ते आवडायला लागलं. आठ महिन्यांत नातीबरोबर त्यांनी पांढऱ्याचा पिवळा पट्टा केला. वर्गाहून घरी येताना नात फुटपाथवर थांबून त्यांची लाथ सुधारायची, लोक बघायचे, आणि आजोबांना आठवड्यातला तेवढाच वेळ खरा वाटायचा. दहा दिवसांवर नारिंगी पट्ट्याची परीक्षा होती. नारिंगीवाले मोठ्या तुकडीत जात, आणि त्यांचे वारही वेगळे होते. नात पास होणार हे सगळ्यांना माहीत होतं. आजोबा राहिले असते, तर ती तिकडे आणि ते इकडे, असं झालं असतं.

त्यात मॅडमचा एक हट्ट होता. जुना पट्टा परत दिल्याशिवाय नवा मिळायचा नाही, कारण तो पट्टा मागून येणाऱ्याच्या कमरेला जायचा. आणि पट्टा कधी धुवायचा नाही, आधीच्याची मेहनत त्यात राहिली पाहिजे. म्हणजे पट्टा नाही तर परीक्षा पास होऊनही उपयोग नाही. पट्टा घेणाऱ्याने हे सगळं नीट हिशोबात धरलेलं आहे, याबद्दल आजोबांची खात्री पटली.

हरवल्याचं मात्र त्यांनी वर्गात सांगितलं नाही. तपास करणारा आपले पत्ते दाखवत नाही. मंगळवारी पट्टा घरी राहिला अशी त्यांनी थाप मारली. मॅडमनी खोक्यातून एक पिवळा पट्टा काढून दिला, तो आजोबांनी घाईघाईने बांधला आणि ते लगेच कामाला लागले. पुढच्या तासांनाही तीच थाप चालली आणि तोच पट्टा. पट्टे सगळे सारखे असले तरी त्यांचा ओळखू येणार होता. पहिल्याच दिवशी त्यांनी टोकाला, आतल्या बाजूने, काळ्या दोऱ्याचे तीन टाके घालून ठेवले होते. हे फक्त त्यांना आणि सुई ओवून देणाऱ्या नातीला माहीत होतं.

कराटेत समोरच्याला कमरेतून वाकून नमस्कार करतात. आजोबा त्या दिवसापासून इतके खाली वाकायला लागले, की त्यांचं नाक समोरच्याच्या पट्ट्याला टेकायचं. मॅडमनी सगळ्या मुलांना थांबवून सांगितलं, बघा, नम्रता अशी असते. लढतीतही आजोबांची नजर समोरच्याच्या कमरेवरून हलेना. डॉक्टरांनी हाताने किती हुलकावण्या दिल्या, पण आजोबा फसले नाहीत, कारण हाताकडे बघत होतं कोण? मॅडमनी त्याचंही कौतुक केलं. हात खोटं बोलतो, कंबर बोलत नाही, काकांकडून शिका, म्हणाल्या.

आठवडाभरात तेरा मुलांचे पट्टे तपासून झाले. घरी तर त्यांनी नातीची पिशवीही उघडून पाहिली, ती शाळेत असताना. मन खात होतं, पण नियम म्हणजे नियम. आजीचं कपाट पाहिलं, त्याबद्दल बोलणीही खाल्ली. उरले डॉक्टर. त्यांच्या पट्ट्याचं टोक सारखं गाठीखाली दडलेलं, आणि पट्टा नको इतका स्वच्छ. वर्गात सगळ्यांचे पट्टे मळके असताना या गृहस्थाने तो धुतला का? पुरावा पुसायचा असल्याशिवाय कोण धुतं?

परीक्षेच्या दिवशी लढतीला आजोबांसमोर डॉक्टरच आले. आजोबांनी दोन वार अडवले, एक गुण मिळवला आणि गाठीखालून निसटलेलं पट्ट्याचं टोक त्यांना दिसलं. त्यांनी ते धरलं. डॉक्टर त्याच क्षणी मागे सरले. गाठ सुटली, डॉक्टर बसकण मारून खाली आले, आणि पट्टा आजोबांच्या हातात राहिला. तो त्यांनी भर वर्गात दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला. टाके नव्हते.

"काका, काय शोधताय?" मॅडमनी विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. आपला पट्टा वर्गातल्याच कोणीतरी घेतला आहे, खुणेसाठी काळ्या दोऱ्याचे तीन टाके आहेत, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. डॉक्टर बसल्या जागेवरून म्हणाले, की बायकोने चुकून धुतला हो, मी दोन आठवडे तेच लपवतोय.

तेवढ्यात नात रांगेतून पुढे आली. "आजोबा, तक्रार करणाऱ्याचं घर आधी तपासायचं ना? मग तुमचा बघा."

आजोबांनी स्वतःच्या कमरेचा पट्टा सोडला. टोक उलटलं. काळ्या दोऱ्याचे तीन टाके, त्यांच्याच हातचे, तिसरा जरा वाकडा. मॅडमना आता कुठे आठवलं. दहा दिवसांपूर्वीच्या गुरुवारी कोणीतरी खिडकीत पट्टा विसरून गेलं होतं, तो त्यांनी खोक्यात टाकला होता, आणि मंगळवारी तोच वर होता म्हणून दिला होता.

वर्गात कोणीतरी खुदकन हसलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"पट्टा ओढायचा नसतो, काका. त्याचे गुण गेले. तरी तुम्ही पास आहात. पण नवा देण्याआधी ज्यांच्यावर संशय घेतलात त्यांना नमस्कार करा. कितीजण आहेत?"

"सगळेच आहेत," आजोबांनी कबूल केलं.

मग ते एकेकासमोर वाकत गेले. मॅडम झाल्या, डॉक्टर झाले, तेरा मुलं झाली. शेवटी नात उभी होती. आजोबा वाकले, पण ती परत वाकली नाही.

"मी पट्ट्याची घडी तीनदा घालते," ती हळूच म्हणाली. "शाळेतून आले तेव्हा दोनदाच घातलेली होती."

एकतीस वर्षांत लोकांची कपाटं उघडताना आजोबांना कधी लाज वाटली नव्हती. ती सगळी आत्ता एकदम वाटली. चुकलो गं, असं त्यांनी सरळ म्हटलं. मग राहवेना म्हणून विचारलं, "तुला माहीत होतं, तर सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाहीत. तपासलंत."

आजोबा तसेच वाकून उभे राहिले. त्यांचा गुडघा करकरला तेव्हा कुठे नातीने हसू दाबत परत नमस्कार केला. पिवळे पट्टे खोक्यात गेले आणि दोघांना एकाच वेळी नारिंगी पट्टे मिळाले.

यादीतलं एक नाव घरी उरलं होतं. आजोबा दारातच आजीसमोर वाकले, तेव्हा तिने हातातली बशी खाली ठेवून विचारलं, अहो, काय करून आलात? त्यांनी सगळं सांगितलं. या वेळी आजीचा प्रश्न त्यांना साधाच वाटला.

संध्याकाळी सवयीने आजोबांनी सुईदोऱ्याचा डबा काढला, नवा पट्टा मांडीवर घेतला, आणि मग थांबले. आता खूण नको, माणसांवर विश्वास ठेवायला शिकायचं, असं त्यांनी नातीला सांगितलं आणि डबा बंद केला.

नातीने डबा ओढून घेतला, उघडला, स्वतःचा पट्टा उलटा केला आणि हिरव्या दोऱ्याने टाके घालायला बसली.

"अगं, हे काय?"

"दोन्ही पट्टे अगदी सारखे आहेत, आजोबा," ती दोरा तोडत म्हणाली. "तुमच्यावर काय भरवसा?"