सौम्य भाषेत पेटलेला पदर

इचोड्याच्या ढाब्यावर वस्ताद भगवंतराव शिवी दिल्याशिवाय फोडणी देत नसत. झारा कढईत कमी आणि माणसांवर जास्त चाले. चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या मनकर्णेला तिथं नाव नव्हतं. "ए बयताडे, भाकर हाये का खापर?" एवढीच तिची हाक. आईनं जात्यावर ओवीत गुंफलेलं आपलं नाव पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकावं, एवढीच तिची हौस.

अशात आदिलाबादच्या एका साहेबांनी मोबाइलवर अभिप्राय लिहिला : 'आतल्या शिव्यांनी आमचे पचन बिघडले.' प्रकरण गिऱ्हाइकाच्या पचनाचं असल्यानं मालक सुधाकररावांनी तातडीनं धोरण जाहीर केलं. आवाज चढवायचा नाही. नावापुढं 'बाई' किंवा 'राव' लावायचं. दोष दाखवण्याआधी एक स्तुती, दाखवल्यावर आभार. दारावर पाटी लागली : 'येथे शिवी न देता जेवण बनते.' लोक पाटीसोबत फोटो काढू लागले. थाळीचा भावही सौम्यपणे वाढला.

वस्तादांना आधी तिचं नाव विचारावं लागलं. मग दात आवळून ते म्हणाले, "मनकर्णाबाई, आज आपला चेहरा लय प्रसन्न दिसून राह्यला. भाकरीत सुधारणेस वाव हाये. आभारी हाये."

करपलेली भाकर तशीच ताटात गेली. मनकर्णेच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं.

पुढं स्तुती शोधण्यातच वेळ जाऊ लागला. कढी उतू जाई, तोवर वस्ताद कढीवाल्याच्या मिशीचं कौतुक करत.

रविवारी तेच साहेब सहकुटुंब येऊन पाटीखाली बसले. आत मनकर्णेच्या पदरानं मागून पेट घेतला.

"मनकर्णाबाई, लुगडं लय शोभून राह्यलं तुमाले..." वस्तादांनी सुरुवात केली.

"खरंच का, वस्ताद?" ती लाजली. "लेकीनं घेतलं."

"त्याच्या पदराबाबत एक नम्र सूचना..."

"आवाज, आवाज!" गल्ल्यावरून सुधाकररावांनी बोट ओठांवर ठेवलं.

धूर छताला लागला आणि वस्तादांचा धीर सुटला. "मनकर्णे! पेटली नं वं तू!" त्यांनी अख्खी बादली तिच्यावर उपडी केली.

ती निथळत उभी राहिली. बाई नव्हतं, राव नव्हतं. नुसतं नाव, आणि ते जिवाच्या आकांतानं घेतलेलं.

बाहेर साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "ए भाकरवाली! मेली का आत?"

जेवून त्यांनी मोबाइलवर पाचपैकी एक तारा दिला : 'भाकर उशिरा. आत आरडाओरड. कामगारांच्या सन्मानाची खोटी जाहिरात.' संध्याकाळी धोरणानुसार वस्तादांना, आधी स्तुती करून, कामावरून काढण्यात आलं. मग आभार मानले.

त्या साहेबांचं नाव विचारू नका. मागल्या खेपेस ढाब्यावरून हात पुसत उठताना आपणही भाकरवालीचं नाव विचारलं नव्हतं.