पहिल्या फेरीचा माणूस

आमचे साडू साहेबराव कुठल्याही गोष्टीवर आधी टकटक करतात आणि मग बसतात. खुर्ची, झोपाळा, रिक्षा, बँकेतलं बाकडं, काहीही असो. बोटाच्या पेरानं दोनदा वाजवायचं, मान तिरकी करून ऐकायचं आणि पटलं तर टेकायचं. नाही पटलं तर उभं राहायचं. सिडकोतल्या एका लग्नात ते तीन तास उभे होते. शेवटी नवरदेवाचे वडील हात जोडून आले. "साहेबराव, आमच्याकडून काही चुकलं का?"

"चुकलं नाय," साहेबराव म्हणाले. "तुमच्या मंडपाचा तिसरा खांब हलकं बोलायलाय."

मंडपवाल्याला बोलावलं. तिसऱ्या खांबाचा खालचा नट बोटानं फिरत होता.

बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला पाव्हणं म्हणतात. एकवीस वर्षं झाली, मी अजून पाव्हणाच आहे. पुंडलिकनगरात आमच्या दारापासून त्यांचं दार दोनशे चौदा पावलांवर आहे, आणि या एकवीस वर्षांत ते अंतर न चालता गेलेला दिवस क्वचितच असेल. त्यांना मूलबाळ नाही. आमची सई लहानपणी जितकी आमच्याकडे जेवली तितकीच त्यांच्याकडे.

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात दाजी पस्तीस वर्षं मेंटेनन्सला होते. फिटर म्हणून लागले, फोरमन होऊन निवृत्त झाले. यंत्राचा आवाज आला की त्यांचा हात आपोआप वर होतो आणि ते सगळ्यांना गप्प करतात. "थांबा, त्याला बोलू द्या." एकदा आमच्याकडे जेवताना पुरणपोळी हातात धरून ते आमच्या पंख्याचं बोलणं ऐकत राहिले. आम्ही बाकीचे चौघं घास तोंडात धरून बसलो. सई तेव्हा दुसरीत होती, तिला हसू आवरेना.

"काय म्हणतो पंखा?" मी विचारलं.

"पावसाळ्यापर्यंत चालंल म्हणतो."

जूनच्या अकरा तारखेला पंखा बंद पडला. मी आकड्यांचा माणूस आहे. असला अंदाज मला जमत नाही, आणि ज्याला जमतो त्याचं मला कौतुक वाटतं. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोललो नाही, इथं लिहून टाकतो.

पण दाजींची खरी ओळख नवरात्रात होते. जत्रेच्या मैदानावर हमीदभाईंचा आकाशपाळणा लागतो. एकोणीस वर्षांपूर्वी दाजी तिथं सहज गेले, खांबावर टकटक केली आणि हमीदभाईंना म्हणाले, "हा पाळणा मी तपासल्याबिगर चालवायचा नाय." दुसरा कोणी असता तर त्यानं हाकलून दिलं असतं. हमीदभाईंनी खुर्ची दिली. दाजी अर्थातच तिच्यावर लगेच बसले नाहीत.

तेव्हापासून नऊही दिवस दुपारी चारला दाजी स्कूटरच्या डिकीतून हातोडी आणि पाना काढतात. एकशे बारा बोल्ट आहेत, मी एकदा बरोबर जाऊन मोजलेत. प्रत्येकावर हातोडीनं हलकेच ठोका. घट्ट बोल्ट टणकन बोलतो, ढिला बोल्ट बसका. बसका बोलला की पाना लावायचा. सगळे झाले की दाजी एकटे एका डब्यात बसतात आणि रिकामा पाळणा त्यांना घेऊन तीन वेळा फिरतो. ते उतरतात, पाच मिनिटं काही बोलत नाहीत आणि मग मान हलवतात. त्यानंतर लोकांना सोडायचं.

"साहेबराव भाई आए बगैर अपन पैली फेरी घुमातेच नईं," हमीदभाई चार माणसांत अभिमानानं सांगतात. "मेरे बच्चों कू भी नईं बिठाता मैं."

त्यानंतर जत्रा उठेपर्यंत दाजी पाळण्याच्या बुंध्याशी उभे असतात, नजर वर लावून. आमची अक्का, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, दरवर्षी पाळण्यात बसते. कधी सईबरोबर, कधी शेजारणीबरोबर, कधी बहिणीबरोबर. नवऱ्याबरोबर कधीच नाही. ती बोलवायची आणि दाजींचं उत्तर ठरलेलं. "मी वर गेलो तर खाली कोण बघंल?"



गेल्या वर्षी सईची दहावी झाली आणि आम्ही पाच जणांनी डिसेंबरात दुबईला जायचं ठरवलं. पाच दिवस. त्यातला एकच दिवस पाळण्याफिळण्यांच्या मोठ्या बागेसाठी मोकळा होता आणि तिथं अशा दोन बागा एकमेकींशी चढाओढ करत उभ्या आहेत. दोन्हींच्या जाहिरातीत त्याच कुटुंबाचे वाटावेत असे हसरे चेहरे. मी तक्ता केला. पाळणे किती, सावली किती, हॉटेलपासून अंतर किती, बसायला बाकं किती, शाकाहारी जेवण कुठं. तेवीस मुद्दे, प्रत्येकाला पाचपैकी गुण. पहिल्या बागेत सदतीस पाळणे होते, दुसरीत चोवीस. पहिली बाग एक्याऐंशी विरुद्ध बाहत्तर अशी जिंकली. सईचं मत आधीपासून पहिलीकडंच होतं. मी निकाल वाचून दाखवला तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या.

दाजी तक्ता वाचत होते. चष्मा काढून, परत लावून.

"पाव्हणं, तक्ता झकास. एक रकाना राहिला."

"कोणता?"

"सकाळी बाग उघडायच्या आधी पहिल्या फेरीत कोण बसतं?"

"काका, तिथं सगळं कॉम्प्युटरवर असतं!" सई म्हणाली.

"असंल की. मग कॉम्प्युटर बसतो का पाळण्यात?"

मी तक्ता पुन्हा वरपासून खाली वाचला.  तेवीस मुद्द्यांत हा नव्हता हे खरंच होतं.

"दोघांकडून उत्तर मागवा," दाजी म्हणाले. "जो सांगंल त्याच्याकडं जायचं. कुणीच नाय सांगितलं तर तुम्ही जा. मी इथं बसतो."

हे ऐकून मी अक्काकडं पाहिलं. तिचा पासपोर्ट येऊन दोन महिने झाले होते. कपाटात लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवला होता आणि कुणी आलं की काढून दाखवायची. दाजी नाही गेले तर तीही जाणार नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.  स्वयंपाकघरात गेल्यावर अक्कानं बहिणीला सांगितलं ते मला इकडं ऐकू आलं. "मला दुबई नको न् फिबई नको, सुनीता. माणसानं एकदा माझ्या शेजारी पाळण्यात बसावं. चौतीस वर्षं मी लोकांची लेकरं शेजारी घेऊन बसायले."

सईनं दोन्ही बागांना ई-मेल लिहिले. दाजी मराठीत सांगत होते, ती इंग्रजी करत होती. "आदरणीय साहेब, विनंती विशेष," इथून सुरुवात होती. मध्येच वाद झाला, कारण दाजींना बोल्टांची संख्या विचारायची होती आणि सई म्हणाली की ते आपल्याला वेडं समजतील.

"समजू दे," दाजी म्हणाले. "लेकरं आपली हायेत."

पहिल्या बागेचं उत्तर दोन तासांत आलं. रंगीत होतं. आमच्या सहलीबद्दल त्यांना अतिशय आनंद झाला होता आणि त्यांच्याकडं नाश्त्याची नवीन सोय झाली होती. पहिल्या फेरीबद्दल एक अक्षर नव्हतं. सईनं पुन्हा विचारलं. पुन्हा नाश्ता आला.

दुसऱ्या बागेकडून नऊ दिवस काहीच नाही. दाजी रोज सकाळी यायचे, टकटक करून खुर्चीत बसायचे आणि विचारायचे, "काय म्हणतेत?" सई मान हलवायची. तिकिटं काढायची मुदत जवळ आली होती. आठव्या दिवशी अक्कानं माझ्यादेखत पासपोर्ट कपाटात सगळ्यात खाली, जुन्या चादरींच्या घडीखाली ठेवला.

दहाव्या दिवशी उत्तर आलं. साधं, चार ओळींचं, कुण्या शफीक नावाच्या शिफ्ट सुपरवायझरचं. सईनं मराठीत वाचून दाखवलं. 'तुमचं पत्र आमच्या ऑफिसनं माझ्याकडं पाठवलं. पहाटे आधी पाळणे रिकामे फिरवतो. मग पाण्यानं भरलेले पुतळे बसवून फिरवतो. मग मी बसतो. अकरा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. तुमच्याकडं कोण बसतं?'

"परत वाच," दाजी म्हणाले.

तिनं वाचलं.

"शेवटचं वाच."

"तुमच्याकडं कोण बसतं?"

दाजींनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झालीत. कारखान्यात आता यंत्रंच यंत्रांचं ऐकतात. कुणी फोन करून विचारत नाही की साहेबराव, हे मशीन असं का बोलतंय. पहिल्या वर्षी ते फोन जवळ ठेवून झोपायचे, असं अक्कानं एकदा सांगितलं होतं.

"लिही," ते सईला म्हणाले. जेवण झाल्यावर जे बसले ते चहाच्या वेळेला उठले. एकशे बारा बोल्ट, हमीदभाई, उन्हात ग्रीस पातळ होतं त्यावरचा उपाय, सगळं त्यात आलं. सईनं एकदाही कंटाळा केला नाही. मला तिचाही अभिमान वाटला.

बाग ठरली. तरी सई हळूच म्हणाली, "तेरा पाळणे कमी आहेत पण." मी गणित केलं. एका पाळण्याला सरासरी चाळीस मिनिटं रांग धरली तर नऊ तासांत तेराच्या वर बसणं होत नाही. म्हणजे चोवीस असोत नाहीतर सदतीस, आपल्याला सारखेच. आकडेमोड आणि टकटक पहिल्यांदाच एका बाजूला आली.

विमानात चढताना दाजींनी दारावर दोनदा वाजवलं. हवाई सुंदरी हसली. दाजींनी तिला मान हलवून परवानगी दिली आणि आम्ही उडालो.

बागेत पोचल्यावर चौकशीच्या खिडकीवर शफीकचं नाव सांगितलं. वीस मिनिटांनी निळ्या डांगरीतला एक चाळिशीचा माणूस जवळजवळ पळतच आला. पाचांतून त्यानं दाजींना बरोबर ओळखलं, कारण दाजी खिडकीच्या कठड्यावर टकटक करत होते.

"चाचा! एक सौ बारा बोल्टवाले आपीच ना?"

तो निजामाबादचा निघाला, आमच्या नांदेडच्या पलीकडचा. इंग्रजी पत्रात हे कळायला मार्गच नव्हता. मग काय विचारता! दुबईच्या उन्हात दोघं दख्खनीत सुरू झाले. त्यानं आणखी दोघा कामगारांना बोलावून घेतलं. "येई वो चाचा, मैं बोला था ना?" त्या दोघांनी दाजींशी हात मिळवले. अक्का जरा लांब उभी राहून हे बघत होती. साडीवर नवे पांढरे बूट घातलेल्या त्या बाईची मान त्या वेळी इतकी ताठ होती की मी फोटो काढून ठेवला.

शफीक आम्हाला मोठ्या पाळण्याकडं घेऊन गेला. हमीदभाईंचे असे सहा पाळणे एकावर एक ठेवले तर कदाचित तितकी उंची झाली असती. अंदाजे सांगतो. सई आणि सुनीता रांगेत गेल्या. मला चक्कर येते, म्हणून पिशव्या माझ्याकडं. दाजी सवयीनं बुंध्याशी जाऊन उभे राहिले, नजर वर लावून.

"चाचा, कायको खड़े?"

"तुम्ही बसो, हम देखता नीचे से," दाजी म्हणाले. त्यांची हिंदी अशीच आहे.

"सुबा मैं बैठ गया इसमें. नीचे भी मैंच हूँ अब," शफीक म्हणाला. "आप मेहमान हैं. चाची कब की खड़ी है, देखो."

अक्का खरंच रांगेत जाऊन उभी होती. हाक मारत नव्हती, हातानं बोलवतही नव्हती. फक्त आपल्या शेजारी एका माणसाची जागा सोडून उभी होती आणि मागच्या लोकांना पुढं सरकू देत नव्हती.

दाजींनी वर पाहिलं, शफीककडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी पिशव्या सावरायच्या निमित्तानं खाली बघितलं. ते गेले.

अकरा मिनिटं लागली. खालून एवढंच दिसत होतं की अक्का काचेतून बाहेर बोट दाखवून काहीतरी सांगते आहे आणि शेजारचा पांढरा शर्ट जराही हलत नाही.

उतरल्यावर दाजी सरळ एका बाकावर जाऊन बसले आणि जमिनीकडं बघत राहिले. मला वाटलं, आता पाच मिनिटं विचार करतील आणि मान हलवतील. अक्का पाण्याची बाटली घ्यायला माझ्याकडं आली.

"काय म्हणाले दाजी?"

"काही नाय. माझा पदर धरून बसले व्हते." तिनं मुठीत चुरगळलेला पदर दाखवला. "पाव्हणं, यांना उंचीचं लई भ्या वाटतं. गच्चीवर वाळवण घालायला येत नायत हे."

"मग जत्रेत?"

"जत्रेतून घरी येतेत तेव्हा शर्ट पिळून घ्यावा लागतो. उतरल्यावर तोंडातून शब्द फुटत नाय यांच्या, म्हणून गप्प असतेत."

एकोणीस वर्षं, दरवर्षी नऊ दिवस. एकशे एकाहत्तर वेळा हा माणूस एकटा वर गेला होता.

"तुम्ही कधी अडवलं नाहीत?"

"म्हटलं व्हतं की एकदा. म्हणाले, आपली सई बसती त्यात." ती बाटली घेऊन बाकाकडं गेली, त्यांच्या शेजारी बसली आणि पदरानं त्यांचं कपाळ टिपायला लागली. भर बागेत, एवढ्या लोकांसमोर. दाजींनी बसून घेतलं.

तेवढ्यात सई पळत आली. "काका, आता त्या उलटं-पालटं फिरवणाऱ्या गाडीत! तुम्ही माझ्या शेजारी. प्लीज!"

दाजींनी मान वर केली. चेहऱ्यावर अजून रंग आला नव्हता. "व्हय की," ते म्हणाले आणि गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागले.

"सई, तिथं दोन तासांची रांग आहे," मी म्हणालो.

माझ्या समोरच्या पाटीवर वीस मिनिटं लिहिलेलं होतं. मी दोन पावलं सरकून पाटीच्या पुढं उभा राहिलो.