तात्या पागे आणि समोरची सावली

कुत्रीच्या गळ्यात कांद्यांची माळ आणि बोक्याच्या डोक्यावर ओलं फडकं, असं ध्यान तुम्ही कुठे पाहिलंय? नसेलच. तुमच्या शेजारी तात्या पागे राहत नाहीत.

आमचं देवास गाव एक, पण राजे दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. आमच्या गल्लीत तर रस्त्याच्या मधोमध हद्द. आम्ही आणि तात्या थोरल्या पातीत, समोरचे धाकट्या. त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. इकडचं विरजण तिकडे जाई, तिकडच्या मुली इकडे सुना होऊन येत. तात्यांचं मात्र वेगळंच. थोरल्या पातीच्या घोड्यांच्या पागेवर कारकून होते, पेन्शन घेऊन घरी बसले, पण दरबारातून काही उठले नाहीत. "हद्द म्हणजे हद्द!" हा त्यांचा मंत्र. संध्या चुकेल, हा नाही.

त्यात समोर राहणार कोण, तर सख्खा धाकटा भाऊ नाना. त्यांनी पलीकडच्या पातीची नोकरी धरली आणि तात्यांनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. तात्यांची बायको गेली तेव्हा नाना खांदा द्यायला आले, तरी शब्द नाही. मग घरात उरले तात्या, भुरी कुत्री आणि सरदार नावाचा बोका.

माळव्यातली लू, म्हणजे उन्हाळ्यातला तो भाजणारा वारा, काय चीज आहे, हे सांगायला नको. दुपार कलली की नानांच्या घराची आणि त्यांच्या निंबाची सावली त्यांच्या ओट्यावर उतरते. आमच्या बाजूच्या भिंती मात्र तापल्या तव्यासारख्या. शहाणा माणूस काय करील? जनावर चार पावलं पलीकडे सोडील. पण तात्यांपुढे ते नाव काढलं की डोळे वटारून म्हणत, "परमुलखात?" मग सगळा तमाशा. वाळ्याचे पडदे टांग, पोती भिजव, परळात पाणी भर, घोड्यांचे खूर भिजवतात तसे भुरीचे पंजे भिजव. आणि भुरी दोरीला बांधलेली, जीभ काढून समोरच्या सावलीकडे बघत बसलेली. पाणी घालायला येणारा भिश्ती एकदा म्हणालाही, "भिया, कुतरी के कई मालम हद?" कुत्रीला हद्द काय ठाऊक, एवढंच म्हणाला बिचारा, तर त्याला दोन दिवस दारात उभं केलं नाही.

सरदार मात्र बेटा हुशार. रोज भिंतीवरून उडी मारून नानांच्या ओट्यावर ताणून देई. तात्या त्याला फितूर म्हणत आणि संध्याकाळी परतला की दूध घालत. म्हणजे अक्कल बोक्याला होती, पेन्शन तात्यांना.

त्या वैशाखात व्हायचं तेच झालं. भर दुपारी भुरी आडवी झाली. डोळे फिरवले, पोट भात्यासारखं उडायला लागलं. तात्या तांब्यावर तांब्या ओतताहेत आणि ती मान उचलत नाही. मी दारातून चांगलं सुनावलं, की आता हद्दीचंच तीर्थ पाजा तिला. ऐकलंच नाही त्यांनी. गाठ सुटेना म्हणून दोरी दातांनी ओढली, भुरीला उचललं आणि अनवाणीच त्या भाजत्या रस्त्यावरून पलीकडे गेले.

"नाना, हिला बघ रे."

इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य, आणि तेही कुत्रीसाठी!

नानांनी धावत जाऊन पाणी आणलं. एक भाऊ पोटाला ओलं फडकं लावतोय, दुसरा विंझणा घालतोय. ऊन उतरता उतरता भुरीने डोकं उचललं आणि ती पाणी प्यायली. तात्या उठले, तिला घेऊन तडक घरी आले. मी घरात म्हटलं, ताठा काही जायचा नाही ह्यांचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भुरी गल्लीतल्या कोंबड्यांमागे धावत होती. दुपारी मी पापड वाळत घालत होते. तात्या बाहेर आले. धडधाकट कुत्री उचलून काखेत घेतली. ती सुटायला धडपडतेय, शेपूट हलवतेय, आणि हे निघाले रस्ता ओलांडून.

"नाना, हिला आज पुन्हा ऊन लागलंय."

नानांनी भुरीकडे पाहिलं. ती त्यांचे हात चाटत होती.

"हो, लागलेलं दिसतंय," नाना म्हणाले. "ठेवा इथे. आणि दादा, तुम्हीही बसा. घरात एकटे काय करता?"

मला मेलीला रडूच आलं. पापड तसेच टाकून मी आत गेले. चार वाजता बाहेर येऊन पाहते, तर भुरी कधीच हुंदडायला निघून गेली होती. तात्या बसलेलेच होते.