आयफेलचा बिनगर्दीचा रस्ता

सौमित्रला आपल्याबरोबर जर्मनीला यायचं आमंत्रण जगन्नाथरावांनी दिलं, तेव्हा त्यांच्या हातात श्रीखंडाची वाटी होती आणि त्याने यावं अशी इच्छा मनात तिळभरही नव्हती. अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळाचं पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण होतं. सौमित्रने सहज विचारलं, "काका, समरला काय प्लॅन?" जगन्नाथरावांची कळी खुलली. त्यांची मुलगी रुही त्यांना सायकलवरून आयफेलची सफर घडवणार होती.

"जर्मनीच्या पश्चिमेला आहे," ते सांगू लागले. "घनदाट जंगल, जुन्या ज्वालामुखींच्या तोंडात साठलेली गोल तळी, मधूनच द्राक्षांचे मळे. खडीच्या वाटा आहेत, बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ काढून तिथे सायकलचे रस्ते केलेत. दिवसभर चला, एक मोटार आडवी येणार नाही!" जगन्नाथरावांचा जन्म मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत गेला होता, त्यामुळे मोटार नसलेल्या रस्त्याचं त्यांना फार अप्रूप.

"मस्तच काका," सौमित्र म्हणाला.

इथे थांबायला हवं होतं. पण समोरच्याने 'मस्त' म्हटल्यावर गप्प बसणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं, अशी जगन्नाथरावांची समजूत. "मग चला की तुम्हीपण!"

"नको नको काका, तुमची फॅमिली ट्रिप आहे."

"अरे, तुम्ही काय परके आहात? चला!"

पहिल्या 'नको'ला जो ऐकतो त्याचा आग्रह कसला? आता सौमित्रने पुन्हा एकदा नको म्हणायचं, आपण "बघा बुवा" म्हणायचं आणि श्रीखंड संपवायचं, एवढंच शिल्लक होतं. पण सौमित्रकडे एकच 'नको' होता, तो संपला. त्याने बायकोकडे पाहिलं. "तुम्ही एवढं म्हणताय तर येतो ना," तो म्हणाला, आणि अबोलीही कसनुसं हसली.

गाडीत बसल्यावर मीनाक्षीबाईंनी नवऱ्याला विचारलं, "रुहीला काय सांगणार?"

प्रश्न साधा नव्हता. रुही लहान होती तेव्हा जगन्नाथराव कंपनीच्या कामासाठी सारखे जर्मनीत असायचे. तिची शाळेतली नाटकं, तिचं पियानो वाजवणं, सगळं त्यांनी स्टुटगार्टच्या हॉटेलात फोनवर पाहिलं. आता ती शिकागोतली नोकरी सोडून सिअ‍ॅटलला निघाली होती. त्याआधी तिने स्वतः रस्ता आखला, दोघांसाठी ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीवर चालणाऱ्या जाड टायरच्या सायकली बुक केल्या आणि एकच अट घातली. "बाबा, तू जर्मनीतल्या सगळ्या फॅक्टऱ्या बघितल्यास. आता मी तुला जर्मनी दाखवते. जस्ट यू अँड मी. प्रॉमिस?"

जगन्नाथरावांनी प्रॉमिस केलं होतं. डोळ्यांत पाणी आणून केलं होतं.

आठवड्याभरात सुलेखाचा फोन आला. सुलेखा आणि विक्रम म्हणजे ट्रॉयला आल्यापासूनचे शेजारी. "सौमित्रला विचारलंत म्हणे. आम्ही काय पाप केलं?" आवाजात रुसवा होता. आता रुसलेल्या माणसाला एकदाच विचारून कसं भागेल? जगन्नाथरावांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा विक्रम हो म्हणाला.

मग एकातून एक निघत गेलं. सुलेखाचे गुडघे दुखायचे, म्हणून तिला बॅटरीवरची सायकल ठरली. बॅटरी जंगलात संपली तर काय, म्हणून विक्रमने व्हॅन घ्यायची ठरवली. "मी मागून व्हॅन घेऊन येतो. पाणी, खाणं, औषधं सगळं माझ्याकडे." व्हॅन आहेच, तर राइस कुकर घेऊ, असं सुलेखा म्हणाली. कुकर आहे तर हॉटेल कशाला, स्वयंपाकघर असलेलं घरच घेऊ, असं सगळ्यांचं मत पडलं. तसं घर सापडलं ते भलतीकडेच. आणि रुळांच्या जागी केलेल्या त्या रस्त्यावर व्हॅनला अर्थातच मनाई होती. तेव्हा विक्रमने मोठ्या मायेने व्हॅनला जमेल असा नवा मार्ग आखून ग्रुपवर टाकला. रुहीलाही त्या ग्रुपमध्ये घेतलं होतं. तिला ट्रिपला गर्दी जमल्याचं कळलं ते तिथेच.

तिचा लगेच व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, धिस इज अ हायवे."

"हो, पण कडेला सायकलींसाठी पट्टा आहे गं."

"द होल पॉइंट वॉज नो कार्स! आता आपलीच कार आपल्या मागे येणार?"

जगन्नाथरावांना हसू आलं, पण रुही हसत नव्हती.

"जस्ट टेल देम नो, बाबा."

"असं कसं सांगू? वाईट वाटेल त्यांना."

"अँड मी? मला वाईट वाटलं तर?"

"अगं, तू तर घरचीच आहेस," जगन्नाथराव म्हणाले. आपण फार प्रेमाचं बोललो असं त्यांना वाटलं. संध्याकाळी ती ग्रुपमधून बाहेर पडली. जाताना 'हॅव फन' एवढं लिहून गेली.

त्यानंतर जगन्नाथरावांना काही गोड लागेना. गराजमध्ये सरावाला आणलेली सायकल होती, तिच्याकडे बघवेना. "जगाला हो म्हणता," मीनाक्षीबाई म्हणाल्या, "आणि नाही म्हणायला तुम्हाला आम्ही दोघीच सापडतो." हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. रविवारी त्यांनी मनाचा हिय्या केला आणि सौमित्रचं घर गाठलं. आज स्पष्ट सांगायचंच.

चहा झाला, चिवडा झाला. शब्द काही बाहेर पडेना. शेवटी अबोलीच म्हणाली, "काका, एक बोलू? रागावणार नाही ना? सौमित्रला सायकल येत नाही."

सौमित्रने बाही वर केली. कोपराला भलंमोठं बँडेज होतं. "पार्किंग लॉटमध्ये शिकत होतो, काका."

"अरे, मग सांगायचं नाही का?"

"तुम्ही एवढ्या प्रेमाने आग्रह केलात, नाही कसं म्हणणार?"

जगन्नाथरावांनी तिथूनच विक्रमला फोन लावला. पलीकडून मोठा निःश्वास आला. "जगन्नाथ, यार, खरं सांगू? आम्ही अलास्काची क्रूझ कॅन्सल करून येत होतो. म्हटलं, तू तीनतीनदा बोलावतोयस, हर्ट होशील." म्हणजे कोणालाच जायचं नव्हतं. ही सगळी माणसं, तो राइस कुकर आणि ती व्हॅन केवळ जगन्नाथरावांचं मन राखायला जर्मनीला निघाली होती.

घराच्या दारात पोहोचताच त्यांनी रुहीला फोन केला. "कॅन्सल केलं सगळं! आता आपण दोघंच. तू म्हणालीस तसं!"

रुही म्हणाली, "बाबा, मी नैनाला विचारलं. वुई आर गोइंग. तोच वीक, तोच रूट." नैना तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. "पण आमच्याकडे एक बाइक एक्स्ट्रा आहे. नैनाची कझिन येणार होती, ती नाही येत. तू ये ना, बाबा. आय वुड रिअली लाइक दॅट."

जगन्नाथरावांनी हो म्हणायला तोंड उघडलं, पण मुलीने बोलावलं म्हणून लगेच हो म्हणायचं? हावरटासारखं? "नको गं," ते म्हणाले. "तुम्ही मैत्रिणी मैत्रिणी जा. मी कशाला मध्ये?" आणि फोन कानाला लावून दुसऱ्यांदा विचारायची वाट पाहू लागले.

"शुअर?"

"हो, हो."

"ओके, बाबा. लव्ह यू." फोन बंद झाला.

दारात आलेल्या मीनाक्षीबाईंनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, ती इथे जन्मलीय. तिच्याकडे नको म्हणजे नको! लावा परत फोन."

त्यांनी लावला. एंगेज लागला. पुन्हा लावला, तरी एंगेज. मग तिचाच आला. "बाबा, ऑल सेट! नैनाचे डॅड येतायत. विचारलं, अँड ही सेड यस इन टू सेकंड्स!" मग आवाज उतरला. "आर यू ओके विथ दॅट?"

नाही म्हणायची वेळ होती. मुलीने सरळ विचारलं होतं, आणि आत 'नाही' गच्च भरलेलं होतं. "अगं, उत्तमच झालं की!" जगन्नाथराव म्हणाले. "त्यांना म्हणावं, माझं नवं हेल्मेट आहे, ते घेऊन जा. उगीच खर्च कशाला?"

नैनाचे वडील विवेक जवळच राहायचे. तेही इथेच जन्मलेले. शनिवारी आले, थँक्यू म्हणाले आणि हेल्मेट डोक्यावर चढवून पाहिलं. जरा सैल होत होतं. जगन्नाथरावांनी हनुवटीखालचा पट्टा स्वतः आवळून दिला. "रुहीला उतारावर जोरात जायची सवय आहे," ते म्हणाले. "जरा लक्ष ठेवा." आणि मग घाईने विचारलं, "चहा घेणार?"

"नो, आय एम गुड," विवेक म्हणाले.

जगन्नाथरावांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला दुसऱ्यांदा विचारलं नाही.