पन्नास सालची पावती

८ जून, रविवार, सकाळचे साडेदहा. रक्कम रुपये चौदा हजार. हजर: गुरुग्राममधल्या आमच्या सोसायटीचे अध्यक्ष मल्होत्राजी, खजिनदार म्हणून मी, आणि दोन हजार पन्नास सालात राहणारे सबनीस काका.

काकांचा फ्लॅट ५०४, पण मुक्काम पन्नास सालात. कुणी नवा सोफा दाखवला की विचारतात, "पन्नासला चालेल?" आमच्या हिनं लिंबाचं लोणचं दिलं, तेव्हाही हेच विचारलं. चौतीस वर्षं सरकारी नोकरीत पुढच्या काळाचे तक्ते केले. नोकरी संपली, तक्ते चालूच. ऊन किती वाढेल, समुद्र किती चढेल, सगळं तोंडपाठ.

दर रविवारी ते सोसायटीच्या बंद पडलेल्या बोअरमध्ये फुटाफुटावर गाठी मारलेली दोरी सोडून पाणी किती खोल गेलं ते मोजतात. गार्ड म्हणतो, "साहब मछली पकड़ रहे हैं."

दोन वर्षांपूर्वी मीटिंगमध्ये ते म्हणाले, टँकर एक दिवस बंद पडणार, गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडू.

मल्होत्राजी हसले. "सबनीसजी, पचास तक कौन जिएगा, यार?"

"आप नहीं," काका शांतपणे म्हणाले. "प्यास तो रहेगी."

ठराव पडला. काकांनी स्वतःचे चौदा हजार घालून पाइप बसवला, गाळणीचा खड्डा केला.

यंदा जून लागला आणि टँकर बंद झाले. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, काकांनी बोअरला मोटर लावायला लावली. आधी नुसती हवा, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी. नव्वद फ्लॅट बादल्या घेऊन खाली. मल्होत्राजी बनियनवर, रांगेत सतरावे, मी मोजलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका दोरीच्या गाठी मोजत होते.

रविवारी आम्ही त्यांचे चौदा हजार परत केले. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या आणि माझ्याच पुढ्यात ठेवल्या.

"५०४ ची दोन हजार पन्नासची पाणीपट्टी. आगाऊ. नाव लिहा, सई सबनीस."

सई म्हणजे त्यांची नात. सात वर्षांची, टोरांटोला असते. व्हिडिओ कॉलवर मराठी अडखळत बोलते.

"ती इकडे येणार आहे का, काका?"

"आलीच तर बत्तीस वर्षांची असेल," काका म्हणाले. "घरात शिरल्या शिरल्या आंघोळ लागते तिला."

आमच्या नियमांत अशी सोय नाही. मल्होत्राजींनी माझ्याकडे पाहिलं. "रसीद काट दो."

मी पावती फाडली. सई सबनीस यांच्याकडून सोसायटीला रुपये चौदा हजार मिळाले.