आक्काची उलटी रांग

येत असलेलं शिवण येत नाही असं सोंग करून मी एकदा झबल्याचा गळाच शिवून बंद केला. वय चोवीस, मॅट्रिक पास. अक्कल मात्र बालवर्गातली. त्या मूर्खपणाचं कारण आमच्या शेजारची कृष्णाक्का.

आक्का पंगतीत वाढायची ती शेवटच्या पानापासून. पहिल्या पाटावर मामलेदार असो की व्याही, त्यानं भाताची वाट बघत बसायचं. पंचवार्षिक योजना तेव्हा नवीनच निघाली होती. दिल्लीनं ती आमच्या शुक्रवार पेठेसाठीच काढलीय, अशी आक्काची समजूत. पेपर वाचून दाखवला की तिचा एकच प्रश्न, "ते ऱ्हाऊ दे. मागं कोण ऱ्हायलंय, ते सांग." दाणे टाकतानासुद्धा ती गुबगुबीत कोंबडीला हाकलायची. "सरक तिकडं. तुझी योजना झाली."

याच तत्त्वावर तिनं माडीखालच्या खोलीत बायकांचा शिवणवर्ग काढला. बायका बारा, मशीन एक. जिला सगळ्यात कमी येतं तिची पाळी आधी. म्हणजे गवंड्याच्या तानूची. आक्का तिचा हात धरून कापड सरकवायची, "माझी सोन्या" म्हणायची. मला चांगलं शिवता यायचं, म्हणून मी शेवटी. शिवाय मशीन पुसायचं, चिंध्या गोळा करायच्या, आक्काचा पांचट चहा प्यायचा आणि घरी काय भाजी केली ते तिला सविस्तर सांगायचं. मला वाटे, ही बया मला राबवून घेते, आणि सोन्या कोण, तर तानू. नुसता जळफळाट.

म्हणून ते झबलं.

आक्कानं ते उलटसुलट करून पाहिलं. "ह्यातनं पोरानं डोस्कं कुठनं काढायचं ग?" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून पहिली पाळी माझी. आक्कानं माझा हात धरला; मला "सोन्या" मात्र म्हणाली नाही. अर्ध्या तासात, "झालं. जा आता घरी." चहासुद्धा नाही. मग मी बाहेर पायरीवर चप्पल शोधत बसायची आणि आत तानूला सोन्या म्हटलेलं मोजायची. एक जोड चप्पल सापडायला मला रोज पाऊण तास लागे.

आठव्या दिवशी तानूच पायरीवर आली. "वैनी, माझा बी येळ तुमीच घ्या की. मला आता सरळ टीप येतीया. तुमास्नी कवा येणार?"

हात बसला तर तिला शाळेच्या सदऱ्यांचं काम मिळणार होतं. तो वेळ ती मला देत होती.

मी तशीच आत गेले आणि आक्काला सगळं सांगून टाकलं. ती मशीनला तेल घालत होती. मान वर न करता म्हणाली, "ठावं हाय की. गळा शिवलास, पर टीप सुतासारखी सरळ. तू गेलीस की दार लावून वर जावं लागतंय, आणि वर बोलायला कोण न्हाय. म्हणून तर तुला शेवटाला ठेवत हुतो. मला वाटलं, तुलाच आता लवकर घरी जायाचं असंल."