डोळे मिटा, कोण बोलतंय?

पक्षी ओरडला की आपण वर बघतो. उषाकाकू डोळे मिटतात आणि विचारतात, "कोण बोलतंय?"

चौतीस वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. नोकरी संपली, कानांची ड्युटी संपली नाही. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत सहा वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या चेअरमनपर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणतात, आणि थोडे घाबरतातही.

यंदा मे महिन्यात लिफ्टशेजारी पाटी लागली : 'सुट्टीतला उद्योग. रोज सकाळी सहा, टेकडी. पाण्याची बाटली आणावी. आईवडील आणू नयेत.' माझी नऊ वर्षांची मुक्ता शाळेसाठी दहा हाका मारल्या तरी उठत नाही. ती साडेपाचला बूट घालून दारात उभी.

एकदा सकाळी पार्किंगमध्ये उतरलो, तर बुचाच्या झाडाखाली टेकडीवरून परतलेली चौदा मुलं सतरंजीवर आडवी, डोळे मिटून. नेमकी माझ्या गाडीपुढे.

"काकू, खराडीला पोचायचंय. मीटिंग आहे."

"लाइन चालू आहे. थांबा."

थांबलो. आधी वैतागलो, मग नकळत ऐकायला लागलो. खारीची कटकट, तांबटाची टुकटुक, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. मुलं ताडकन उठली आणि कागदावर आवाजांचा नकाशा काढू लागली. मध्ये स्वतःचा ठिपका. भोवती खारीची करवत, तांबटाची टिंबं, कुकरचा भला मोठा लाल फुगा.

"काकू, कुकर निसर्गात येतो?"

"भूक येते ना? मग काढ."

मीटिंग बुडाली. खरं सांगतो, वाईट वाटलं नाही.

त्यांचा लाडका खेळ म्हणजे 'जोडणी'. ऐकलेला आवाज शेजाऱ्याच्या तळहातावर बोटांनी वाजवायचा, त्याने तो ओळखायचा. मुक्ता जेवताना माझ्या हातावर कोतवाल वाजवायची. मी बुलबुल म्हटलं की म्हणायची, "राँग नंबर, बाबा."

शेवटच्या दिवशी मात्र आईवडिलांना टेकडीवर प्रवेश मिळाला. मुलं आम्हाला झाडाझाडाखाली पळवून आवाज ओळखायला लावत होती. आम्ही एकूण एक नापास झालो, आणि काकू खूश. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे कुलकर्णी हसत म्हणाले, "आमची फार परीक्षा झाली. काकू, आता तुम्ही सांगा. या झाडावर कोण बोलतंय?"

झाडात कुणीतरी अगदी बारीक, भरभर चिवचिवत होतं. मलाही स्पष्ट ऐकू येत होतं. काकूंनी डोळे मिटले. बराच वेळ गेला. कुलकर्ण्यांचं हसू मावळलं.

मुक्ता सरकत त्यांच्याजवळ गेली आणि तिने त्यांचा हात धरला. तिची बोटं त्यांच्या तळव्यावर भरभर नाचत होती.

"शिंजीर," काकू म्हणाल्या. "नर आहे. आणि चिडलाय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उतरताना मी मुक्ताला बाजूला घेतलं.

"काकूंना उत्तर सांगितलंस?"

"आवाज सांगितला. उत्तर त्यांचंच होतं." मग हळूच म्हणाली, "त्यांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत आता. आम्हाला सगळ्यांना माहितीय."

"त्यांनी सांगितलं?"

"नाही. आणि तू विचारू नकोस."

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मला वाटलं, उद्योग संपला. मग फ्रिजवर मुलांच्या अक्षरातला एक कागद दिसला. शाळेच्या बसआधी पंधरा मिनिटं, बुचाखाली, काकूंसोबत कोण बसणार त्याच्या पाळ्या होत्या. सोमवार मुक्ता, मंगळवार अर्णव, अशी शनिवारपर्यंत नावं. रविवारसमोर मला न विचारता माझं नाव घातलेलं.

रविवारी सहाला खाली गेलो. काकू बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी टेकलो. त्यांनी माझ्याकडे न बघता तळहात उघडून पुढे केला.